गाण्याचें नांवगांव

इ. स. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान या प्रख्यात गायिकेचें गाणें तबकडीवर उतरवून घेतलें. गाणें संपतां संपतां ही बाई स्वतःचें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारीत असे. ऐकणारास तो गर्व वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचें कारण व्यवहाराचें होतें, असें सांगतात. त्या तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं तयार होत. तेथील कारागिरांस आपली भाषा कोठून येणार? कोणत्या तबकडीवर कोणाच्या नांवाची चिठ्ठी लावावयाची, हें त्यांस त्या उच्चारावरून कळे. आवाज दूरदेशीं जावयाचा, तर नांवहि त्याच्या सोबतीस गेलें पाहिजे, हा त्यांतील बोध मला फार आवडतो.

संगणकांतील गाण्याची अडचण नेमकी हीच आहे. फाइलीस बाहेरून दिलेलें नांव कोणीहि बदलूं शकतो. म्हणून १९९६ सालीं एरिक केम्प यांनीं एमपी३ फाइलीच्या अगदीं शेवटीं १२८ बाइट जोडण्याची युक्ति काढली. तिला आयडी३ टॅग म्हणतात. पहिले ३ बाइट खुणेचे. मग गाण्याचें नांव, गायक व संग्रह यांस प्रत्येकीं ३०. सालास ४, टीपेस ३०, आणि गाण्याच्या प्रकारास अवघा १! गौहर जानचें नांव तबकडीच्या शेवटीं, तसेंच हेंहि फाइलीच्या शेवटीं. पण ही जागा फार तोकडी होती. देवनागरीची तींत सोय नव्हती. आणि प्रकारांच्या मूळ ८० नांवांच्या यादींत युरोपांतील पोल्का नाच होता, परंतु अभंग, लावणी वा ओवी नव्हती. १९९८ सालीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनें टॅग फाइलीच्या आरंभीं नेला, जागा वाढविली, आणि कवि व संगीतकार यांस निराळे रकाने दिले.

आमच्या घरीं आजीच्या जात्यावरील ओव्यांची एक जुनी कॅसेट होती. मागील सुटींत ती आम्ही संगणकावर उतरवून घेतली. त्या संगणकावर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली आहे. प्रथम आम्ही पिकार्ड नांवाचें साधन वापरून पाहिलें. तें गाण्याच्या ध्वनीचा ठसा घेऊन जगांतील स्वयंसेवकांनीं भरलेल्या म्युझिकब्रेन्झ या भांडारांत त्याचा शोध करतें. चित्रपटांतील गाण्यांचीं नांवें त्यानें क्षणार्धांत आणून दिलीं. आजीच्या ओव्यांस मात्र तेथें कोणी ओळखीना. ओळखणार तरी कसें? तो आवाज ऐकलेलीं माणसें एकाच गांवचीं!

तेव्हां किड३ नांवाचें दुसरें साधन उघडून आम्ही हातानेंच टॅग भरावयास बसलों. सर्व फाइली एकदम निवडून संग्रहाचें नांव एकदांच लिहिलें, कीं तें सर्वांस लागतें. मग ‘गायक’ हा रकाना आला. धाकटी बहीण म्हणाली, “दादा, ‘आजी’ असें लिही ना!” वडील हंसून म्हणाले, “अग, ती तुझी आजी. पन्नास वर्षांनीं जो ऐकेल, त्याची ती कोण? पुरतें नांव लिहा.”

नांव लिहून झालें. पण ध्वनींत आणखी एक आवाज होता. जात्याला समोरून हात देणारी ती बाई कोण, हें वडिलांस आठवेना. त्यांनीं गांवीं आमच्या आत्याबाईंस दूरध्वनि केला व ओवी ऐकविली. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं त्या बाईंचें नांव व माहेरचें गांव सांगितलें, आणि म्हणाल्या, “अरे, तिचें नांव घेणारें घरांत कोणी उरलें नाहीं रे.”

आमच्या फाइली फ्लॅक प्रकारच्या होत्या. त्यांत आपणांस हवे ते रकाने वाढवितां येतात, आणि गायकाचा रकाना दोनदांहि देतां येतो. म्हणून त्या बाईंचें नांव आम्ही टीपेंत कोपऱ्यास घातलें नाहीं. आजीच्या नांवाशेजारीं, त्याच मानानें लिहिलें. ‘गांव’ हा रकानाहि नवा केला. आतां त्या फाइलीचें नांव कोणीं बदललें, किंवा ती सातासमुद्रांपलीकडे धाडली, तरी दोघी मैत्रिणी आपलें नांवगांव सांगत सांगतच जातील.

वाचकहो, आपल्याहि घरीं कोणाचें भजन, कोणाचें पाळणागीत, कोणाचें नुसतें बोलणें फाइलींत निनांवी पडलें असेल. येत्या सुटींत तीं उघडा, आणि वडील माणसांस शेजारीं बसवून घ्या. टॅग भरावयास मिनिटभर पुरतें. पण नांव सांगणारें माणूस आपली वाट पाहत कायमचें बसून राहत नाहीं.