ऑइलची काडी

आमच्या घरी गाडीचं ऑइल बदलणं हा एक सणच होता. दिवाळी झाली की पुढच्या एखाद्या रविवारी, बस्तीला जाऊन आल्यावर, हे पायजमा उतरवून ती ठेवणीतली मळकी पँट चढवायचे. सुताराकडून करून घेतलेल्या दोन उतरत्या फळ्या माडीखालून निघायच्या. त्यावर गाडीची पुढची चाकं चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे, खाली गोणपाट अंथरायचं आणि स्वतः उताणं होऊन आत सरकायचं. मग तासभर बाहेर फक्त यांचे पाय दिसायचे. त्या पायांशी मी बोलायची. ‘पाना दे’, ‘फडकं दे’, ‘पाटी जरा इकडं सरकव’ अशी एवढीच उत्तरं यायची.

मला या प्रकाराचं कधी कौतुक वाटलं नाही, हे कबूल करते. बँकेत ऑफिसर असलेला माणूस, गॅरेजात पाच-सहाशे रुपये मजुरी दिली तर काय बिघडतं? पण यांना ते पटायचं नाही. “दुसऱ्यानं घातलेलं ऑइल कुठलं, कुणाला ठाऊक?” म्हणायचे. खरं कारण ते नव्हतं. दिवसभर दुसऱ्याच्या पैशांचे आकडे बघणाऱ्या माणसाला वर्षातनं एकदा स्वतःच्या हातानं काहीतरी खोलून पुन्हा नीट बसवायचं असायचं.

सासूबाई होत्या तोवर त्या सणाला एक तंटाही जोडलेला असायचा. निघालेलं जळकं ऑइल. शेजारपाजारचे ते मागायला यायचे, कुणाला गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, कुणाला बैलगाडीच्या आसाला. सासूबाई दारात उभ्या राहून सांगायच्या, “आसाला न्या. वाळवीला द्यायचं नाही. आपल्या हातानं कशाला?” एकदा यांच्या हातून पाटी कलंडली आणि प्राजक्ताच्या आळ्याशेजारी तेल सांडलं. तिथं मुंग्यांची रांग होती. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी उपवास केला. यांना एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून हे पाटीखाली भुसा पसरू लागले.

पुढे यांच्या कमरेची गादी सरकली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमिनीवर झोपून उठायचं तर अजिबात नाही. गाडी चालवणं माझ्याकडे आलं. लायसन्स मी एकावन्नाव्या वर्षी काढलं होतं. तोवर अनगोळ ते टिळकवाडी यापलीकडे कधी नेली नव्हती. आणि त्या वर्षी ऑइल बदलायला गाडी पहिल्यांदा गॅरेजात गेली.

चार दिवसांनी आम्ही स्तवनिधीला निघालो. यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी बोलले होते, बरे झाले की दर्शनाला नेईन म्हणून. संकेश्वर मागं पडलं, तवंदीचा घाट यायचा होता, आणि माझ्यासमोर तांब्यासारख्या आकाराचा तो लाल दिवा लागला. मला वाटलं, हँडब्रेक राहिला की काय. हे ओरडले, “बंद कर! आत्ताच्या आत्ता बंद कर!” एवढ्या मोठ्यांदा हे माझ्यावर सत्तावीस वर्षांत ओरडले नव्हते. मी कडेला घेऊन किल्ली फिरवली. ऑइलची काडी ओढली, कोरडी. खालचा नट सैल होऊन तेल वाटभर गळत आलं होतं. आणखी थोडं चाललो असतो तर इंजिन धरलं असतं.

संकेश्वरहून एक मेस्त्री आला, नटाला काहीतरी गुंडाळून घट्ट केला, नवं तेल ओतलं. आम्ही तिथूनच स्तवनिधीच्या दिशेनं हात जोडले आणि परत फिरलो. सबंध वाटेत हे एक शब्द बोलले नाहीत.

उद्यमबागेतल्या एका टर्नरनं मग ते बघितलं. म्हणाला, “साहेब, मशीननं आवळलंय हो हे. आतले आटे गेलेत.” त्यानं नवे आटे पाडून एक साइज मोठा नट बसवून दिला. बेळगावात असल्या कामाला माणसं शोधावी लागत नाहीत. लोखंड कापणारे हात इथं गल्लोगल्ली आहेत. जाताना मात्र म्हणाला, “एक सांगतो. हा नट आता परत परत खोलू नकासा. तितकी जाडी राहिली नाही तिथं.”

इथून पुढचं मला सांगायला आवडत नाही, पण ते सांगितल्याशिवाय त्या यंत्राची गोष्ट कळायची नाही.

यांना संशयच लागला. रोज सकाळी गाडीखाली थेंब पडलाय का बघायचे. वाकता यायचं नाही म्हणून मला वाकायला लावायचे. मी ‘नाही हो’ म्हटलं की विश्वास बसायचा नाही. एके दुपारी मी भिशीला गेले होते. परत आले तर अंगणात ते ओळखीचे पाय. फळ्या नाहीत, गोणपाट नाही, नुसत्या फरशीवर. मी हाक मारली. आतून आवाज आला, “निघता येईना.” किती वेळ तसे पडले होते, मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. शेजारच्या काकांना हाक मारली. आम्ही दोघांनी चादर सरकवून, ओढून यांना बाहेर काढलं. तोंडावर धूळ, आणि डोळ्यांच्या कडेला त्या धुळीतून आलेली एक ओली रेघ. काका बघत नसल्यासारखं करत निघून गेले. रात्री हे म्हणाले, “गाडी विकून टाकूया.”

मुलगा पुण्यात असतो. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं नाही, निम्मंच सांगितलं. त्याला उरलेलं निम्मं कळलं असावं. आठ दिवसांनी एक मोठं खोकं आलं. त्यात पिण्याच्या पाण्याच्या जारसारखी एक टाकी, वर सायकलच्या पंपासारखा दांडा आणि बारीक लांब नळ्या. ऑइल वरून ओढून काढायचं यंत्र. गाडीखाली जायचंच नाही, नटाला हात लावायचाच नाही. काडी जिथून निघते त्या भोकातून नळी खाली चेंबरच्या तळापर्यंत सोडायची, दांडा दहा-वीस वेळा मारायचा आणि बसून राहायचं. मुलगा म्हणाला, बोटींसाठी हे फार वर्षांपासून वापरतात. बोटीच्या इंजिनाखाली कोण शिरणार?

यांनी खोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सलाईन लावल्यासारखं दिसतंय. गाळ तळाला राहणार. खालनं काढलं की सगळं निघतं.” खोकं तीन महिने माडीखाली पडलं, फळ्यांशेजारी. मुलाचा फोन आला की मी विषय बदलायची.

माझी मी त्यावर विचार करत होते. आर्ट्सची बाई मी, तेल खालून वर कसं चढेल हेच मला कळेना. मुलानं सांगितलं, “आई, ते ओढलं जात नाही. टाकीतली हवा आपण काढतो, मग बाहेरची हवा तेलाला ढकलते.” आणि मला एकदम चिकोडीकडची आमची विहीर आठवली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की अण्णा माणसं लावून मोटार विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवायचे. मी लहानपणी विचारलं होतं, वरूनच का ओढत नाही? अण्णा म्हणाले होते, “पंचवीस-तीस फुटांच्या खाली गेलं की मोटार कितीबी मोठी असूदे, पाणी येत नाही.” ते का, ते पन्नास वर्षांनी या टाकीमुळे कळलं. मोटारीचा जोर कमी पडत नव्हता, हवेचाच तेवढा जोर. चेंबर तर हातभर खोल.

वर्ष भरत आलं. आमच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं आहे. आमचं कायम वर्षच आधी होतं. एका शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जुना पंजाबी ड्रेस घातला आणि खोकं अंगणात आणलं. यांना म्हटलं, “मी करणार आहे. तुम्हाला यायचं तर खुर्ची घेऊन या.”

खुर्ची आली, पण जरा लांब, प्राजक्ताखाली.

गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करायचं, म्हणजे तेल पातळ होतं. फार तापवलं तर नळी मऊ पडते. काडी काढून पुसून ठेवली, नळी आत सोडली. कुठंतरी टेकली असं वाटलं. दांडा मारला. नळीतून काळी रेघ वर चढताना दिसली, अगदी सावकाश. मी मागं वळून बघितलं. हे खुर्ची थोडी पुढे आणत होते.

दहा मिनिटांनी नळीत गुडगुड आवाज आला, हवा यायला लागली. टाकीवरच्या खुणांवर एक लिटर नऊशे. पुस्तिकेत फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास दिलेलं. मी म्हटलं, “संपलं वाटतं.” खुर्चीतून आवाज आला, “संपलं कसं? एक लिटर आत आहे अजून. नळी तळाला पोचली नाही, नाहीतर वळून वर आली.” मी नळी घातली-काढली, काही फरक पडेना. तेव्हा हे उठून आले. उभ्यानंच, न वाकता, दोन बोटांत नळी धरली. डोळे मिटले. थोडी वर ओढली, अर्धा वळसा दिला, पुन्हा सोडली. “ही बघ, आता टेकली. मघाशी कडेला टेकली होती.” नळीत पुन्हा काळी रेघ. वीस वर्षं हा माणूस त्या चेंबरच्या खाली झोपून काढत होता; त्याचा आकार बोटांना माहीत होता.

दोन लिटर सातशेवर थांबलं. उरलेलं कुठं? “फिल्टरमध्ये,” हे म्हणाले.

फिल्टर वरून निघत नाही. या यंत्राचं कौतुक करणाऱ्यांनी हे आधी सांगावं. काही गाड्यांना फिल्टर वरच्या अंगाला असतो म्हणे, त्यांचं नशीब. आमच्या गाडीचा खाली, पुढच्या बंपरच्या आत. यांचा हात जाड म्हणून यांना फळ्यांवर चढवल्याशिवाय पोचायचा नाही. माझा पोचेल का? गोणपाट अंथरलं आणि मी आडवी झाले. चोपन्नाव्या वर्षी, अंगणात, उताणी. शेजारच्या काकू गच्चीवर वाळवणं काढायला आल्या होत्या. “काय करायलात हो वहिनी?” “ऑइल बदलायलेय!” मी खालून ओरडले. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

“सायलेन्सरचा पाइप बाजूला असेल, हात लावू नकोस, तापलेला असतो. डावीकडं फिरव. पाटी खाली आहे का? भुसा टाकलास का?” भुसा टाकला होता. फिल्टर सुटला, आणि त्यातलं तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं नवं तेल लावायचं, हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, टेकल्यावर आणखी पाऊण वळसा. पाना लावायचा नाही. “हातानंच,” हे दोनदा म्हणाले, “मशीननं आवळायचं नसतं.”

नवं तेल ओतलं. मधासारखं दिसतं ते. गाडी मिनिटभर चालवली, लाल दिवा लागून विझला, बंद करून थांबलो, काडी पुसून बघितली. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला लागून. दिवस कलत आला होता आणि सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची होती. हाताचा वास साबणानं जाईना. भाकरीला तशीच बसले असते तर भाकरीला ऑइल लागलं असतं. यांनी बेसनपीठ आणून दिलं, म्हणाले, “यानं जातं. मी यानंच धुतो.” मला हे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं, डब्यातलं बेसन दिवाळीनंतर कमी कसं होतं एवढंच वाटायचं. त्या दिवशी भाकरीऐवजी सकाळचीच आमटी आणि भात झाला.

गाळाचं यांचं म्हणणं अजून आहेच. तळाला थोडंफार राहतं, ते खरं. नळी शेवटचा थेंब काढत नाही. पण नट तसाच आहे, आटे तसेच आहेत, आणि सकाळी थेंब बघायला मला कुणी वाकायला लावत नाही. आता ही तिसरी खेप झाली. निघालेलं तेल मी डब्यात भरून ओळखीच्या एका गॅरेजात देते. तिथल्या पिंपातलं तेल पुन्हा शुद्ध करणारे घेऊन जातात. गोठ्याच्या खांबांना मागायला कुणी आलंच तर मी दारात उभी राहून सासूबाईंचंच वाक्य म्हणते.

फळ्या मात्र माडीखाली आहेत. यंदा मी विचारलं, सरपणाला देऊन टाकूया का? हे म्हणाले, “असू देत की. जागा काय मागतात त्या?” मी त्यांवरची धूळ झाडली आणि यंत्राचं खोकं त्यांच्यावरच ठेवलं.