जीपचा जीर्णोद्धार

जुने वाहन पुन्हा उभे करावयाचे म्हटले की लोक पहिल्याने खर्च विचारतात. खर्चाचा प्रश्न खरा, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा की, वाहन कोणत्या सालापर्यंत मागे न्यावयाचे? घराण्यात तीन पिढ्या नांदलेल्या वस्तूला एकच मूळ रूप असते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिच्यावर प्रत्येक पिढीचा हात फिरलेला असतो, आणि पुष्कळदा एकाचा हात पुसल्याखेरीज दुसऱ्याचा दिसत नाही. आमच्या जीपच्या बाबतीत ही अडचण अक्षरशः लोखंडात ओतलेली होती.

ही जीप माझ्या आजोबांनी १९६१ साली घेतली. ते आदिलाबादेस वकिली करीत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ मध्ये भाषावार राज्ये झाली, आणि आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे मराठी मुलूख तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. आदिलाबाद शहर आंध्र प्रदेशात राहिले. आजोबांची अर्धी पक्षकार मंडळी पैनगंगेच्या पलीकडची झाली आणि अर्धी अलीकडची. कचेरीत तेलुगू आणि इंग्रजी, जुन्या दस्तऐवजांत उर्दू, घरात मराठी, कुलदैवत गोव्यात आणि गाड्यांच्या कारखान्यात दखनी, असा आमचा संसार. त्या संसाराला साजेसे वाहन जीपच होते. तीही कोणत्याही एका मुलखाची नव्हे.

जीपची कुळकथा वाचकांस ठाऊक असेलच. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेतील विलीज कंपनीने ती सैन्यासाठी मोठ्या प्रमाणावर बनविली. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र अँड महंमद ही पोलादाचा व्यापार करणारी पेढी निघाली; फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. याच पेढीने मुंबईत जीपचे सुटे भाग आणून ते जोडण्यास आरंभ केला. आमची गाडी सी. जे. थ्री बी या जातीची. हिचे नाक इतर जीपांपेक्षा उंच असते. तिच्या चार सिलिंडरांच्या, सुमारे २.२ लिटरच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर चढविले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर उचलावे लागले. ज्यांना हे ठाऊक नाही ते तिला कुरूप म्हणतात. ठाऊक असलेलेही म्हणतात, पण अंमळ कौतुकाने.

आमच्याकडची जमीन काळी. मृग लागला की गाडीवाटेचा चिखल बैलाच्या गुडघ्यापर्यंत येतो, आणि उतनूरच्या डोंगराकडे तर पूर्वी चार महिने कोणी फिरकत नसे. जीपमध्ये मोठ्या गिअरच्या दांड्याजवळ दोन लहान दांडे असतात. एकाने पुढची चाके ओढू लागतात, दुसऱ्याने गाडीची चाल मंद होऊन जोर वाढतो. या दोन दांड्यांच्या बळावर आजोबा बांधाच्या तंट्यांची स्थळपाहणी करावयास जात, आणि पौष अमावास्येस केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेलाही. मेस्राम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी पायी आणून नागोबाला स्नान घालतात; परतीच्या वाटेवर थकलेली दोन-चार म्हातारी माणसे आजोबा जीपमध्ये घेत. आजी पुढच्या आसनावर घागर मांडीवर धरून बसे. हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे.

मी पाहिली ती वडिलांची जीप. १९७३ नंतर जगभर खनिज तेलाचे भाव भडकले, आणि पेट्रोलवर लिटरला आठ-नऊ किलोमीटर चालणारे वाहन हा श्रीमंतांचा थाट ठरला. आमच्या घरी थाटाला जागा नव्हती. जीप विकावी असा विचार चालला असता वडिलांनी तिचे पेट्रोलचे इंजिन उतरविले व ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन बसविले. देशभर त्या काळी असंख्य जीपांचे हेच झाले. नवे इंजिन जड आणि लांब. म्हणून रेडिएटर पुढे सरकवावा लागला, पुढच्या कमानींत एकेक पाटा जादा घालावा लागला, आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड लोखंडी जोडपट्टी कापून बसवावी लागली. ती पट्टी वडिलांनी स्वतः लेथवर उभे राहून करवून घेतली. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा नवा क्रमांक रीतसर चढविला. मग हिचा आवाज जो बदलला तो कायमचा. आमच्या गल्लीत आम्ही घरी पोचण्याआधी आवाज पोचत असे, आणि आई चुलीवर चहाचे आधण ठेवी.

वडील गेल्यावर जीप सहा वर्षे छपरीत उभी होती. पेट्रोलचे इंजिन कोठीत, पोत्यांखाली. धाकट्या भावाने एके दिवशी पोती हलविली आणि फोन केला, “दादा, मूळ इंजिन आहे. क्रमांकही जुळतो. आपण गाडी आजोबांनी घेतली तशी करू या.”

या म्हणण्यात मोह होता, आणि त्या मोहाला कायद्याचाही आधार होता. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले खासगी वाहन मूळ रूपात राखलेले असेल, त्याच्या सांगाड्यात, कायेत वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसेल, तर त्याला ‘व्हिंटेज’ म्हणून मान मिळतो. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि ‘व्ही. ए.’ ही अक्षरे असलेली निराळी पाटी. ही पाटी भावाच्या डोळ्यांसमोर नाचू लागली. मी मात्र सवयीने पुढची कलमे वाचली. असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, अभ्यास, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतेच ते बाहेर पडावे. शेतावर जाणे त्यात नाही, आणि केस्लापूरची जत्रा त्यात कशी बसवावी हे मला वकील असूनही सुचेना.

वारसाचा प्रश्न निराळाच. नोंदणी वडिलांच्या नावावर होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण असे चार समान वारस. बहीण म्हणाली, “चाकेही चारच आहेत, एकेक वाटून घ्या. पाचवे स्टेपनीचे देवाला.” थट्टा बाजूला ठेवून तिने आणि आईने संमतिपत्रे लिहून दिली. परंतु आईने सही करताना एवढेच विचारले, “आवाज तोच राहील ना रे?”

उस्तादांचे वय सत्तरीच्या पुढचे. त्यांचे गॅरेज कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. त्यांनी जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली, बोटाने रंग खरवडला आणि म्हणाले, “वकीलसाब, कौनसी गाड़ी बनाना है वो पहले बोलो, फिर खोलता मैं.” मी आठ दिवसांची मुदत मागितली. न्यायालयात मागतो तशीच.

त्या आठ दिवसांत काम थांबले नव्हते, कारण काही कामे दोन्ही पक्षांना मान्य होती. तळाचा पत्रा कुजून जाळी झाला होता. तो कापून नवा घातला. सांगाड्याच्या पुढच्या आडव्या दांडीला, डिझेलच्या थरथरीने असेल, बोटभर तडा गेला होता. तो व्ही आकारात कोरून मग सांधला. नुसता वरून सांधला असता तर तडा आत तसाच राहून पहिल्या खड्ड्यात पुन्हा उघडला असता. रंगाचे थर खरवडताना भिंतीच्या पोपड्यांसारखा इतिहास निघाला. वर वडिलांचा पांढरा, त्याखाली हिरवा, सर्वांत खाली आजोबांच्या वेळचा राखी. पांढऱ्या आणि हिरव्या थरांच्या मध्ये दारापाशी कागदाचा चतकोर चिकटून राहिला होता. १९७७ च्या निवडणुकीत आमची जीप सरकारने कामासाठी ताब्यात घेतली होती, त्या वेळचा तो असावा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तशी तरतूद आहेच. आजी पुढे कितीतरी वर्षे म्हणत असे की जीपने मत दिले, मला कोणी नेले नाही.

पेट्रोलचे इंजिनही उघडले. चारांपैकी एक पिस्टन गंजून सिलिंडरला धरला होता. त्यात डिझेल ओतून ठेवले, रोज थोडे ठोकले, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून. नवव्या दिवशी तो सुटला. कड्या मोडल्या होत्या, पण सिलिंडरात नवी नळी बसविली तर इंजिन चालेल असे उस्तादांनी सांगितले. म्हणजे ‘ते मेलेच आहे’ ही सोयीची सबब माझ्या हातून गेली. दोन्ही इंजिने जगू शकत होती आणि गाडी एक होती.

वाचकहो, अशा वेळी मला आपल्या देवळांनी वाट दाखविली. १५६० मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला आले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. पुढे मराठेशाहीत त्या ठिकाणी मोठी देवालये उठली, घुमट आले, दीपमाळा आल्या. कुशस्थळीला जे होते त्याहून आजचे मंगेशीचे रूप किती निराळे! तरी आजवर कोणी महाजन उभा राहून ‘ही दीपमाळ १५६० मध्ये नव्हती, काढून टाका’ असे म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. जगन्नाथपुरीस तर मूर्तीचे लाकूडच बदलतात. १९९६ नंतर २०१५ मध्ये नवकलेवर झाले, आणि देव तोच राहिला. आमच्या केस्लापुरातही मेस्राम मंडळींनी आपसांत वर्गणी काढून नागोबाचे नवे देऊळ उभारले, २०२२ साली. या सर्वांनी जीर्णोद्धार केला. आजोबांपर्यंत मागे जाण्यासाठी मधल्या पिढीला वगळले, असे कोणी केले नाही.

भावाने यावर मार्मिक हरकत घेतली. “देवळात पूजा अखंड चालते, दादा. आपली जीप सहा वर्षे उभी होती. आणि नवकलेवरात जुन्या मूर्ती पुरतात; त्या न्यायाने जुने इंजिनच टाकायचे ना?” हरकत खरी आहे. दृष्टांत ताणला की तुटतो. पण माझा मुद्दा एवढाच होता की आजोबांनी जीप विकत घेतली, आणि वडिलांनी ती विकू दिली नाही. वडिलांची जोडपट्टी काढून टाकणे म्हणजे ज्या माणसामुळे हा वाद घालायला गाडी शिल्लक राहिली त्याचीच नोंद खोडणे. शिवाय आजोबांनी ती कधी प्रदर्शनासाठी घेतली नव्हती. व्ही. ए. पाटी लावून छपरीत ठेवलेली जीप आजोबांनाही ओळखू आली नसती.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने दोन अटी घातल्या. रंग राखी हवा, अगदी तळच्या थराचा. आणि पेट्रोलचे इंजिन नळी घालून पुरते दुरुस्त करून ठेवावयाचे, विकावयाचे नाही. मी दोन्ही मान्य केल्या. दुसरी अट महाग पडली. एका इंजिनाच्या खर्चात दोन इंजिने करून देणारा उस्ताद अजून जन्मास यावयाचा आहे.

वारस म्हणून नोंदणी आईच्या नावावर केली आणि वाहनाची तपासणी होऊन पाच वर्षांचे साधे नूतनीकरण झाले. या जिल्ह्याच्या नव्या गाड्यांवर २०१४ पूर्वी ए. पी. येई, मग टी. एस. आले, २०२४ पासून टी. जी. येते, खुद्द जिल्ह्याचेही २०१६ मध्ये चार तुकडे झाले. आमच्या पाटीवर मात्र १९६१ चीच अक्षरे आहेत, आणि नाक्यावरचे तरुण शिपाई ती वाचताना थबकतात.

खंडेनवमीस पान्हे, जॅक आणि दोन्ही इंजिने यांना हळदकुंकू वाहिले. पेट्रोलचे इंजिन छपरीत लाकडी घोड्यावर बसविले आहे, वर ताडपत्री. कड्या पुन्हा धरू नयेत म्हणून भाऊ दर अमावास्येस सिलिंडरांत चमचाभर तेल सोडतो आणि हँडल लावून ते दोन फेरे फिरवितो. पुढे कोणाला बदलावेसे वाटलेच तर जोडपट्टी सहा बोल्टांवर आहे.