नामंजुरीच्या पत्राला उत्तर

कोल्हापूर

चि. बाळू,

तुझ्या डिसॅबिलिटी पेन्शनच्या नामंजुरीचं पत्र ताईनं मोबाइलवर पाठवलं. आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीत वाढलाही नाही, एवढं लिहून तुझी फौजेतली सगळी नोकरी निकालात काढलीय. आणि तू म्हणतोस, ‘आता कुणाच्या दारात हात पसरू?’ ते वाचून जीव तुटला. सैनिक टाकळीसारख्या फौजींच्या गावात राहून हक्काला भीक समजतोस?

धरमवीर सिंग यांचा खटला समजून घे. १९८५ साली लष्कराच्या सिग्नल्समध्ये भरती झाले, १९९४ मध्ये फिट येतात म्हणून घरी पाठवले गेले. अपंगत्व २० टक्के मानलं, पण आजार मुळात प्रकृतीतलाच, असं मेडिकल बोर्डानं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २ जुलै २०१३ ला. न्यायालय म्हणालं, भरतीच्या कागदांत आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं; आजाराचा नोकरीशी संबंध नाही, हे सिद्ध करणं सरकारचं काम; आणि बोर्डानं कारणं लिहिलीच पाहिजेत. तुला पळवलं, छाती मोजली, डोळे-कान तपासले आणि मगच घेतलं ना? मग तुझं हे ब्लडप्रेशर कुठून आलं, ते त्यांनी सांगावं!

२००८ आणि २०२३ साली नियम बदलले. तू कोणत्या नियमांत बसतोस, ते वकिलाकडून आधी पाहून घे.

रक्कम किरकोळ आहे असं समजू नकोस. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे २० टक्क्यांना सहा टक्केच. पण राम अवतार खटल्याच्या २०१४ च्या निकालानंतर २० चे ५० धरून १५ टक्के मिळू शकतात. उशीर मात्र महागात पडतो. वर्षानुवर्षं गप्प बसून मग दावा केला, तर थकबाकी बहुधा मागच्या तीनच वर्षांची मिळते.

पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत कर. मेडिकल बोर्डाच्या अहवालाची पूर्ण प्रत आणि भरतीच्या वेळचा मेडिकल कागद लेखी मागून घे. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. २०२५ च्या ऑगस्टपासून हायकोर्ट कोल्हापुरात आलं, पण या न्यायाधिकरणासाठी अजून मुंबईच गाठावी लागते. मी बरोबर येईन.

‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला मूळ कागद देऊ नकोस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपण दोघं मिळून जाऊ. अपिलाचा मसुदा सोबत पाठवतोय. तुझ्या पोस्टिंगच्या जागा मोकळ्या ठेवल्यात, त्या भरून पाठव.

तुझा,
मामा