गंगेचे मासे आणि शाकुंतलातील धीवर

गंगावतरणाचा पाठ चालू असता एका चुणचुणीत विद्यार्थ्याने आम्हांस एकदा विचारले होते, "गुरुजी, गंगा स्वर्गातून उतरली, शंकराच्या जटेत अडकली, जटेतून हिमालयावर आली, मग तिच्यात मासे शिरले कोठून?" वर्गात हशा पिकला. आम्हांस मात्र तो प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा वाटला नाही. नदी वरून खाली येते हे सर्वांस दिसते. पण तिच्यातील काही जीव खालून वर जातात, हे दिसण्यास नदीकाठी फार दिवस बसावे लागते. तसे बसणारे लोक निराळे. त्यांच्याविषयीच येथे दोन शब्द लिहावयाचे आहेत.

मत्स्य हा विषय पाहून आमच्या काही वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या, कपाळी आठी पडेल हे आम्ही जाणून आहो. आमच्याही घरात मासा शिजत नाही. तथापि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार चालला असता पाठीन आणि रोहित हे दोन मासे हव्यकव्यास योग्य म्हणून नावानिशी सांगितले आहेत, ही गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाही. मैथिल आणि वंगीय ब्राह्मण त्या आधारावर आजही निर्वेधपणे मत्स्याहार करितात. आणि आमच्या सारस्वत बंधूंस तर या बाबतीत आम्ही काय सांगावे! उत्तर हिंदुस्थानातील विनोदी लोक माशास 'जलतोरी' म्हणतात, म्हणजे पाण्यातले दोडके. असो. खाण्याचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. ओळख करून घेण्यास विटाळ नाही.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही सहकुटुंब दोन महिने काशीत राहिलो. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात महाराष्ट्रीय ब्राह्मणांची जुनी वस्ती आहे. तेथेच एका आप्तांच्या वाड्यात बिऱ्हाड होते. स्नानसंध्या आटोपल्यावर आम्ही घाटाघाटाने उत्तरेस चालत जात असू. राजघाटाचा पूल मागे टाकला की आदिकेशवाजवळ वरुणासंगम लागतो, आणि त्या बाजूस मल्लाहांच्या होड्या रात्रीची जाळी घेऊन काठास लागतात. तेथे एका वृद्ध मल्लाहाशी आमचा परिचय जडला. वय ऐंशीच्या घरात, दृष्टी अजून चांगली, बोलणे थोडके. आम्ही त्यांस 'दादा' म्हणत असू, ते आम्हांस 'पंडितजी'. आमचे कुटुंब पहिल्या दिवशी पदर नाकास लावून दहा हात दूर उभे होते. चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेकडून जाळे विणण्याची गाठ शिकत होते.

दादांच्या टोपलीत आम्हांस अमरकोश सापडला. लहानपणी आम्ही तो घोकला तेव्हा वारिवर्गातील माशांची नावे ही केवळ नावे होती. पाठीनास कोशकार 'सहस्रदंष्ट्र' असा पर्याय देतो. टोपलीतून दादांनी एक लांबट, बिनखवल्यांचा, मिशाळ मासा उचलला आणि त्याचा जबडा उघडून दाखविला. आत कानशीवर असावेत तसे बारीक दातांचे पट्टेच्या पट्टे! "याला काय म्हणता?" "पढिन." पाठीनाचा पढिन होण्यास प्राकृतातून किती शतके लागली असतील ती असोत, दात मात्र कोशातल्याप्रमाणे जागच्या जागी होते. प्रोष्ठी किंवा शफरी म्हणजे ती बोटाएवढी चमकणारी मासळी. तिला बिहारात पोठिया म्हणतात. आणि रोहित तर रोहूच.

रोहू, कतला आणि मृगल या त्रयीचा संसार एकत्र कुटुंबातील तीन समंजस भावांसारखा आहे. कतल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले. तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळचे खातो. रोहूचा ओठ झालरीसारखा. तो मधल्या थरात चरतो. मृगल तळाशी राहून गाळातले वेचतो. एकाच पाण्यात तिघे नांदतात आणि एकमेकांच्या पानातले उचलत नाहीत. याच गुणामुळे ते हिंदुस्थानभर तळ्यांत पाळले जातात. महाराष्ट्रातील धरणांतून व गावतळ्यांतून आज जो रोहू-कतला निघतो, तो मूळचा इकडचा नव्हे. त्याचे कूळ गंगेचे.

हे कूळ इतके दूर गेले कसे, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. हे मासे साचलेल्या तळ्यात वाढतात, पण तेथे अंडी घालीत नाहीत. त्यांस पुराचे नवे पाणी लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे. आषाढ-श्रावणात पूर चढला म्हणजे काठालगत नरसाळ्याच्या आकाराची बारीक विणीची जाळी प्रवाहाकडे तोंड करून रोवीत. नरसाळ्याच्या शेपटास एक कापडी हौद जोडलेला असे. त्याला मोठे गंमतीचे नाव आहे, 'गमछा'. त्यात केसाएवढी पिल्ले साचत. ती मातीच्या मडक्यांत भरून, पाणी वाटभर हालवीत ठेवून, आगगाडीने हावड्याच्या बाजारी नेत. गाळातून ही पिल्ले निवडणारी दृष्टी मल्लाहाची आणि ती जिवंत पोचविणारा हातही त्याचाच. पुढे १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांस अंडी घालावयास लाविले, आणि नदीवरचे अवलंबन संपले. देशास मासा मुबलक झाला. पुराच्या चार महिन्यांत मडक्यांवर पोट भरणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे आम्ही दादांस विचारले. "मडकी कुंभाराकडेच राहिली," इतकेच ते म्हणाले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शाकुंतल शिकवीत असता सहाव्या अंकाचा प्रवेशक आम्ही कधीही घाईने उरकला नाही. शकुंतलेच्या बोटातील अंगठी शचीतीर्थी गंगेच्या प्रवाहात पडली. ती गिळली एका माशाने, आणि कालिदास नुसते 'मासा' म्हणून मोकळा होत नाही. तो रोहित होता असे स्पष्ट सांगतो. धीवराने तो मासा चिरला, अंगठी निघाली, ती तो विकावयास गेला; आणि राजाच्या शिपायांनी त्यास चोर ठरवून, मुसक्या बांधून, मारीत मारीत नेले. त्याच्या धंद्याची टवाळी झाली. त्याने भीतभीत पण ठामपणे उत्तर दिले की जन्माने आलेले काम निंद्य असले तरी टाकू नये. शेवटी राजाने अंगठीच्या मोलाइतके बक्षीस दिले. तेव्हा मघाचे मारकुटे शिपाई अर्धा वाटा घेऊन त्याचे मित्र झाले व सर्व मंडळी मद्याच्या दुकानी गेली! राजास स्मृती मिळाली, शकुंतलेस पती मिळाला, भरतास पिता मिळाला. हे सारे ज्याच्या सुरीने घडले, त्याचे नावसुद्धा नाटकात नाही.

हीच कथा शास्त्रातही घडली आहे. फ्रान्सिस बुकानन हॅमिल्टन नावाचा स्कॉटिश वैद्य कंपनी सरकारच्या नोकरीत होता. म्हैसूर प्रांतातील त्याच्या प्रवासाचा वृत्तांत प्रसिद्धच आहे. बंगाल-बिहारची पाहणी करीत असता त्याने गंगेचे मासे जमविले आणि १८२२ साली एडिंबरोस त्यावर ग्रंथ काढिला. त्यात अडीचशेहून अधिक जातींचे वर्णन आहे. आम्हांस विशेष वाटले ते हे की त्याने नवी लॅटिन नावे फारशी घडविली नाहीत. कोळ्यांच्या तोंडची नावेच उचलली. रोहिता, कातला, मृगला, इलिशा, रिता, वाचा, पुतितोरा ही आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात मान्य असलेली नावे आहेत. आमच्याकडेही कर्नल साइक्स याने मुळा-मुठा आदी नद्यांचे मासे वर्णून १८३९ च्या सुमारास असेच केले. त्याने नाव दिलेला 'सींघाला', म्हणजे आपला शिंगाळा, दख्खनेत सापडतो तसा गंगेतही सापडतो. ग्रंथावर नाव साहेबाचे, हे योग्यच; मेहनत त्याची होती. पण त्याच्यापुढे टोपली ओतून एकेक मासा उचलीत 'हा अमुक, हा तमुक' असे सांगणारा कोण होता? त्याची नोंद नाही.

आणि चोर ठरविणारे शिपाई तरी कालिदासाबरोबर कोठे संपले? भागलपूर जिल्ह्यात सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर गंगेच्या पात्रावर एक जुनी जमीनदारी चालत आली होती. तिला 'पानीदारी' म्हणत. स्वातंत्र्यानंतर जमिनीवरची जमीनदारी कायद्याने गेली, पाण्यावरची राहिली. वाहत्या गंगेत जाळे टाकावयाचे तर मल्लाहाने कर द्यावा, न दिल्यास जाळे जाय, प्रसंगी मारही बसे. १९८२ साली कहलगाव येथील मल्लाहांनी याविरुद्ध 'गंगा मुक्ती आंदोलन' उभारले. ते अहिंसक होते, त्यात स्त्रियाही पुढे होत्या. आणि १९९१ साली बिहार सरकारने ती पानीदारी रद्द केली. ज्या पाण्याचे चार थेंब आपण गडूत भरून, लाख लावून, देवघरात पुजतो, त्या पाण्यास विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मालक होता, हे आमच्या वाचकांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

याच टापूत १९९१ साली विक्रमशिला अभयारण्य झाले, तेही सूंस या जलचरासाठी. सूंस हा मासा नव्हे; तो पिलास दूध पाजणारा, जवळजवळ आंधळा, स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणारा प्राणी. संस्कृतातील शिशुमाराशी त्याच्या नावाचा संबंध लावतात. पूर्वी त्याच्या चरबीचे तेल पाण्यावर शिंपडून बचव्यासारखे मासे जवळ आणीत. पुढे संशोधकांनी माशांच्याच टाकाऊ भागांचे तेल त्यासाठी चालते असे दाखवून दिले. सूंस २००९ साली राष्ट्रीय जलचर ठरला, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत त्यांची संख्या ६,३२४ भरली.

हरिद्वार-हृषीकेशाकडील महासीर माशाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्याचे गुणगान करणारे पुष्कळ आहेत. सोनेरी खवल्यांचा, प्रवाहाशी झुंजणारा हा मासा गळाने धरण्याचे वेड साहेबलोकांस फार. जिम कॉर्बेटसारख्या वाघाच्या शिकाऱ्यानेही त्यावर प्रेमाने लिहिले आहे. यात्रेकरू त्यास कणकेच्या गोळ्या घालतात. सांप्रत तोही दुर्मीळ होत चालला आहे.

पण दादांचे मन महासीरात नव्हते, हिलशात होते. हिलसा, बंगाल्यांचा इलिश, हा राहतो समुद्रात. परंतु त्याची मादी बाळंतपणास माहेरी येते, आणि माहेर म्हणजे गंगा. पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे हे रुपेरी थवे मुखाकडून आत शिरत आणि शेकडो कोस प्रवाहाविरुद्ध पोहत प्रयागापर्यंत जात. वाटेत काशी. हा मासा पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो, म्हणून गळास लागत नाही, जाळेच हवे. पाण्याबाहेर आला की तत्काळ प्राण सोडतो. दादा तरुणपणी रात्रीच्या अंधारात होडी प्रवाहाबरोबर सोडून देत; लांब जाळे पडद्यासारखे पाण्यात टांगलेले असे, आणि थवा आदळला की दोरीतून हातास शिरशिरी येई. "त्या रात्री आम्ही बोलत नसू," ते म्हणाले.

मग १९७५ साली बंगालात फरक्का येथे शंभराहून अधिक दरवाजांचा बांध सुरू झाला. कलकत्ता बंदर गाळाने भरत चालले होते. गंगेचे पाणी कालव्याने हुगळीत सोडून तो धुऊन काढावा हा उद्देश. उद्देश वाईट म्हणता येणार नाही. माशांच्या येजेसाठी सोयही ठेविली होती, पण तिचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. माहेरची वाट बंद झाली. वर बिहारात व काशी-प्रयागाकडे हिलसा अगदी तुरळक उरला. बराकपूर येथील केंद्रीय संशोधन संस्था अलीकडे फरक्क्याच्या वरच्या अंगास हिलसे सोडीत आहे. दादांनी तसे ऐकले होते. त्यांच्या जाळ्यात अजून एकही आला नव्हता. येतात ते तिलापिया आणि परदेशी कार्प, ज्यांची नावे अमरकोशात नाहीत आणि दादांच्या वडिलांसही ठाऊक नव्हती. त्यांचा नातू वायूवर चालणाऱ्या होडीतून यात्रेकरूंस आरती दाखवितो. त्यात मिळकत चांगली आहे, आणि दादांची त्याबद्दल तक्रार नव्हती. मात्र त्या मुलास पढिन आणि रीठा यांतला भेद सांगता येत नसे.

निघण्यापूर्वी एके सकाळी दादांनी विचारले, "पंडितजी, आपल्याकडे कोणती गंगा?" आम्ही गोदावरीचे नाव सांगितले; ती त्र्यंबकास उगम पावते, तिलाही आम्ही गंगाच म्हणतो, असे सांगितले.

"तिच्यात हिलसा चढतो?"

"आंध्रात चढतो. तिकडे त्यास पुलसा म्हणतात. पण राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथे इंग्रजांचा बांध आहे. आमच्यापर्यंत तो येत नाही."

"बांध कधीचा?"

"१८५२ साली पुरा झाला."

त्यांनी बोटांवर काही मोजले. "म्हणजे तुमच्याकडे पावणेदोनशे वर्षे झाली. आमच्याकडे पन्नासच," ते म्हणाले, आणि फाटलेल्या जाळ्यातील पुढची गाठ शोधू लागले.