एकतीस पराभव

१८७९ साली सिनसिनाटीच्या विल व्हाइट या पिचरने बेसबॉलचे ७५ सामने सुरू केले आणि पंचाहत्तरही सामन्यांत शेवटपर्यंत चेंडू त्यानेच टाकला. त्या हंगामातले त्याचे ६८० डाव हा आजही उच्चांक आहे. ऐनवेळी बदली पिचर आणण्याची मुभा तेव्हा फारशी नव्हतीच. चष्मा लावून खेळणाऱ्या या माणसाच्या नावे ४३ विजय आहेत. आमची नजर मात्र ३१ पराभवांवर खिळली. हातून निसटलेला सामनाही त्याने पुरा केला.

गेल्या आठवड्यात समोर चारच विद्यार्थी पाहून आम्ही तास अर्ध्यावर सोडला. नोंदवहीत मात्र पूर्ण तास भरला. व्हाइटचे आकडे वाचल्यापासून ती नोंद आम्हांला टोचते आहे.