तांदळाचे चित्र आणि खतावणी

पौडच्या बाजारपेठेत तांदूळ घ्यायला येणारे जुने गिऱ्हाईक आधी भाव विचारीत नाही. ते पोत्यात हात घालते, मूठभर दाणे तळहातावर पसरते, नाकाजवळ नेते आणि एखादा दाणा दाताखाली फोडून पाहते. आंबेमोहोर असेल तर आंब्याच्या मोहोराचा तो मंद गंध कच्च्या दाण्यालाही असतो. दाणा आखूड, कणी थोडी अधिक. पारख करणाऱ्याला पाटीवरचे नाव वाचावे लागत नाही आणि विकणाऱ्याला फारसे बोलावे लागत नाही.

मुळशी खोऱ्याची ओळखच भाताची. १९२१ मध्ये टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. परंतु अखेर धरण झाले आणि कितीतरी गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली. उरलेल्या खाचरांत आज आंबेमोहोर थोडाच दिसतो. त्याचे ताट उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते, आणि उताराही कमी. त्याच्याच कुळातील इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आले. ते अधिक पिकते, चवीलाही चांगले, दाणा थोडा लांबट. साहजिकच शेतकऱ्याने इंद्रायणीला जवळ केले आणि आंबेमोहोराचा भाव चढत गेला. ज्या दोन वस्तूंचे कूळ एक आणि भाव दोन, त्यांच्या बाबतीत व्यापाऱ्याची कसोटी लागते, हे आपल्या समाजातील धान्याच्या पेढ्यांवर वाढलेल्यांना सांगायला नको.

या बाजारपेठेतील एका जैन कुटुंबाची तिसरी पिढी आता दुकान पाहते. तीन वर्षांपूर्वी त्या घरच्या सुनेने, वाणिज्य पदवीधर मुलीने, ऑनलाइन बाजारमंचांवर माल विकण्यास आरंभ केला. आंबेमोहोर, इंद्रायणी, हातसडीचा तांदूळ, नाचणी, वरई, डाळी, नाचणीचे पापड अशा साठ-एक वस्तू. मध मात्र नाही. खाद्यसुरक्षेच्या नियमांत मधाला मांसाहारी पदार्थांतून वगळलेले आहे आणि मुळशीतील जंगली मधाला मागणीही पुष्कळ. पण हिरवा ठिपका असला म्हणून श्रावकाच्या दुकानात मध येत नाही. या एका बाबतीत घरात कधी चर्चादेखील झाली नाही.

साठ वस्तू आणि प्रत्येकीची पाच-सहा छायाचित्रे म्हणजे तीनशेहून अधिक चित्रे झाली. मोबाइल त्यांना स्वतःच्या मनाने लांबलचक क्रमांकांची नावे देतो. त्या नावावरून आत नाचणी आहे की वरई हे कळण्याचा मार्ग नाही. बाजारमंचाला मात्र सर्व माहिती एका कोष्टकात भरून हवी असते. एका वस्तूला एक ओळ. रकान्यांत वस्तूचा संकेतांक, नाव, वजन, किंमत, बारकोड, मुख्य छायाचित्र आणि मागोमाग इतर छायाचित्रे. मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुभ्र हवी, त्यावर वेगळी अक्षरे नकोत, आणि मोठे करून पाहता यावे म्हणून लांब बाजू निदान १००० पिक्सेलची हवी, असा मोठ्या मंचांचा साधारण दंडक आहे. चित्र दुव्याने द्यायचे असेल तर दुवा थेट चित्राचाच लागतो. ड्राइव्हवरून सामायिक केलेला दुवा चित्र दाखवणारे पान उघडतो, म्हणून तो बहुधा नाकारला जातो.

एक्सेलच्याही खोड्या असतात. ८९० ने सुरू होणारा तेरा अंकी बारकोड रकान्यात टाकला की ते त्याला मोजायची संख्या समजून आक्रसून दाखवते. संकेतांकाच्या आरंभीचे शून्य तर गिळूनच टाकते. तो रकाना आधीच मजकुराचा ठरवून ठेवला म्हणजे हा त्रास होत नाही. सूनबाईंनी हे सारे आपले आपण शिकून घेतले होते. जे घडले ते मात्र अशा एका ठिकाणी घडले, जिथे एक्सेल काहीच बोलत नाही.

वस्तूंचे रकाने आणि छायाचित्रांचे रकाने यांच्यामध्ये, दिसायला मोकळे वाटावे म्हणून, त्यांनी एक रकाना कोरा सोडला होता. एके दिवशी कोणते चित्र राहिले आहे हे पाहण्यासाठी त्यांनी चित्रांची नावे क्रमवार लावली. मधल्या कोऱ्या रकान्यामुळे एक्सेलने पलीकडचा भाग वेगळे कोष्टक मानला. चित्रे हलली, वस्तू जागच्या जागी राहिल्या. बहुतेक नावे मुळातच क्रमाने असल्याने काही बिघडले नाही. केवळ आंबेमोहोराचे चित्र मागाहून पुन्हा काढलेले होते व त्याचा क्रमांक खालच्या ओळीतील इंद्रायणीच्या चित्रापुढचा होता. तेवढ्या दोन ओळींची अदलाबदल झाली. सारीच चित्रे हलली असती तर डाळीच्या जागी पापड पाहून कोणीही ओरडले असते. दोन तांदूळ एकमेकांच्या जागी बसल्याचे मात्र सहा दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही.

सातव्या दिवशी नाशिकच्या एका बाईंचा निरोप आला. चित्रातील दाणा आखूड आहे, आलेला तांदूळ लांबट आहे, असे त्यांनी लिहिले होते. बाईंना तांदूळ कळत होता. तोवर इंद्रायणीच्या पाच-पाच किलोंच्या अकरा पिशव्या गेलेल्या होत्या.

"बाबूजी, नाव बरोबर होतं, वजन बरोबर, भावही इंद्रायणीचाच घेतला," मुलगा म्हणाला. "पिशवीवर ठळक इंद्रायणी छापलंय. ज्यांची तक्रार आहे त्यांचे पैसे देऊ. बाकीच्यांना कशाला उठवायचं?"

व्यवहाराच्या दृष्टीने हा मुद्दा क्षुल्लक नव्हता. बाबूजींनी उलट विचारले, "गिऱ्हाईक पोत्यात हात घालू शकत होतं का?"

मुलगा गप्प राहिला.

"मग त्याचा हात म्हणजे आपलं चित्र. तेच दुसऱ्याचं निघालं."

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले. वर्णन व चित्र हे प्रत्यक्ष मालाच्या रूपाशी आणि गुणाशी जुळते असेल, अशी हमी विक्रेत्याकडून घेण्याचे बंधन त्यांत बाजारमंचावर घातले आहे. बाबूजींना तो नियम ठाऊक नसावा. त्यांना ठाऊक होते ते तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील अचौर्यव्रताचे अतिचार. त्यांत खोट्या मापांच्या जोडीने प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे अस्सलासारखी दिसणारी हलकी वस्तू अस्सलाच्या जागी चालवणे. सूनबाईंनी हळूच विचारले, "पण बाबूजी, मनात तसं नसताना?"

"मनात असतं तर चोरीच झाली असती, बेटा. नव्हतं म्हणून प्रमाद म्हणायचा. पण प्रमादाचंही निवारण करावं लागतं."

अकराही जणांना मंचामार्फत निरोप गेला. खाद्यपदार्थ परत मागवण्याची तेथे सोय नव्हती, म्हणून तांदूळ ठेवून घ्या, हवे असतील तर पैसे परत देतो, असे कळवले. सहा जणांनी पैसे घेतले, एकाने आभार मानून नाकारले, चौघांनी उत्तरच दिले नाही. मुलाने ती रक्कम नुकसानीच्या खात्यात टाकली आणि दोन दिवस तो थोडा घुश्शातच होता.

खरे काम त्यानंतर सुरू झाले, आणि या साऱ्या प्रसंगातील शिकण्यासारखा भाग तोच आहे. बाबूजींना एक्सेल येत नाही. खतावणी उत्तम येते. रोजकीर्दीतील नोंद खात्यावर नेताना मधल्या छोट्या रकान्यात खाते पान लिहितात. नोंद शेजारच्या ओळीत आहे म्हणून ती त्या खात्याची ठरत नाही, पान क्रमांक लिहिला आहे म्हणून ठरते. "तुझ्या कागदात खाते पान कुठे आहे?" एवढाच त्यांनी प्रश्न केला. सूनबाईंच्या कोष्टकात वस्तू आणि चित्र केवळ शेजारी बसली होती. त्यांना बांधणारे काही नव्हते.

आता प्रत्येक चित्राच्या नावातच वस्तूचा संकेतांक आहे, रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. पुढे वजन आणि चित्राचा अनुक्रम. चित्रांची यादी वेगळ्या पानावर असते आणि मुख्य पानावरचे सूत्र संकेतांक शोधून चित्र उचलते. ओळी कशाही हलवा, आंबेमोहोराला आंबेमोहोरच मिळतो. दुसरे सूत्र एकच चित्र दोन वस्तूंना लागले आहे का, ते मोजते. कोरा रकाना गेला. शेवटी तीन रकाने वाढले: छायाचित्राची तारीख, मालाचा हंगाम, आणि कोणी ताडले. ताडणारा हा चित्र चढवणाऱ्याहून वेगळा असावा, असा दंडक आहे. रोकड मोजणाऱ्याने आणि वही लिहिणाऱ्याने एकच असू नये, हा जुना पेढीचा नियम. दर शनिवारी बाबूजी पिशवी हातात घेऊन पडद्यावरच्या चित्राशी ताडतात आणि सूनबाई त्यांच्या नावाचे आद्याक्षर टाकतात. दिवाळीत शारदापूजनाच्या वेळी नव्या वहीशेजारी लॅपटॉपही पाटावर ठेवला होता. त्यावर कुंकू लावायचे की नाही यावर बराच विनोद झाला.

एका गोष्टीवर मात्र अजून एकमत नाही. मुलाच्या मते मुख्य चित्रानंतर वाफाळत्या भाताचा वाडगा आणि बाजूला आंब्याचा मोहोर असे देखणे चित्र हवे. इतर सारे तसेच देतात. बाबूजींनी तळहातावर पसरलेले दाणे, शेजारी मोजपट्टी, आणि असतील तितकी कणीही दिसेल असे चित्र काढायला लावले. वाडग्यातला भात कोणत्याही तांदळाचा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. विक्री थोडी उतरली, असे मुलगा सांगतो. तक्रारी उतरल्या, असे सूनबाई सांगतात. दोघांचेही आकडे त्याच कोष्टकात आहेत.

जुना तांदूळ जरा पिवळसर दिसतो, नवा अधिक पांढरा. म्हणून हंगाम बदलला की चित्रही बदलते. या वर्षीचा नवा आंबेमोहोर गिरणीतून आला आहे, सहा पोती वखारीत आहेत. पण दिवस ढगाळ आहेत, उजेड नीट मिळत नाही, आणि चित्र अद्याप निघालेले नाही. त्या ओळीतील तारखेचा चौकोन सूनबाईंनी पिवळा करून ठेवला आहे आणि शिल्लक माल शून्य दाखवला आहे. मुलगा रोज सकाळी आभाळाकडे पाहून विचारतो, आज निघेल का?