आवाजाचं सुतक

माणूस गेला की दहा दिवस सुतक. आवाज गेला तर ते कोण पाळणार? माझा गेला पुण्यात, कॉलेजच्या पहिल्याच पावसाळ्यात. उभी राहून उत्तर देताना मी ‘पानी’ म्हणाले, ‘काया मातीत’ म्हणाले, आणि मागच्या बाकांवरून हसू पुढे सरकत आलं. त्यात दुष्टावा नव्हता, हे आज कळतं. पण तेव्हापासून प्रत्येक वाक्य तोंडातच अडवून तपासायची सवय लागली. ण लागला का, ळ नीट पडला का. तपासणी होईपर्यंत विषय कधीच पुढे गेलेला असायचा. मग बोलणंच सोडलं. मुलगी शांत आहे, असं लोक म्हणू लागले.

शांत! रावेरकडच्या आमच्या ओट्यावर हे कुणी म्हटलं असतं, तर आजी पोट धरून हसली असती. थंडीत तुरकाट्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडजीत कुटायची आणि त्या ठोक्यांवर आम्हा दोघींचं भांडण रंगायचं. कळण्याची भाकर थापता थापता ती माझं म्हणणं खोडून काढायची, मी तिचं. पुढे मी तिच्याशीही फोनवर पुण्याचं बोलू लागले. ती नुसतं ‘बरं’ म्हणायची आणि फोन वडिलांकडे द्यायची.

आमच्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांची कविता वर्गात मार्कांसाठी शिकवतात आणि तीच बोली बोलणाऱ्या पोराला त्याच वर्गात ‘नीट बोल’ म्हणून दटावतात. हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

आत्मविश्वासाचे क्लास घेणारे आरशासमोर उभं राहायला सांगतात. मला आरशाने काही दिलं नाही. शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं द्यायची नोकरी लागली, आणि भर पावसाळ्यात आमच्याच भागातून एक फोन आला. केळीवर हरण्या रोग पडला होता. माझ्या शुद्ध प्रश्नांना पलीकडून ‘हो मॅडम’, ‘नाही मॅडम’ एवढंच. तेवढ्यावरून रोग कसा कळणार? आणि तोंडून निघून गेलं, “काका, पोंगा सडून राह्यला का? पानावर पिवये पट्टे पडले का?”

मग तो माणूस जो बोलायला लागला! बांधापलीकडची काकडी, मावा, रोपं कुठून आणली, डोक्यावरचं कर्ज. मी म्हटलं, रोगट झाडं मुळासकट उपटा, पुरून टाका, जीव अडकवू नका. आवाजात कापरं नव्हतं. शेजारच्या टेबलांवरच्या मुली वळून बघत होत्या. बघेनात का!

आजी त्याआधीच्याच उन्हाळ्यात गेली होती. आता मी मीटिंगमध्ये बोलते, वरिष्ठांशी वाद घालते, मधूनच एखादा ण निसटतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण ती मुकी वर्षं भरून येत नाहीत. आजीशी व्हायची राहिलेली भांडणं तर नाहीतच.

तुम्ही शिकवत असाल, किंवा नुसते वर्गात बसत असाल, तर एवढं करा. कुणी गावाकडच्या बोलीत अडखळत उत्तर देत असेल, तर त्याचं म्हणणं पुरतं होऊ द्या. दुरुस्ती करायचीच असेल, तर ती नंतर करा.